डेंग्यूत रक्तवाहिन्या पाझरतात, म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळा लागला की डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात आणि घरोघरी एकच आकडा विचारला जातो: प्लेटलेट किती? रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी किवी आणून देतं, कुणी रक्तपेढीत ओळख काढून ठेवतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर म्हणतात, "आता दोन दिवस जपायचं." ताप तर गेला, मग आता जपायचं कशाला?

याचं उत्तर रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. ही भिंत पेशींनी एकमेकींना धरून बनलेली असते. डेंग्यूच्या काही रुग्णांमध्ये ती पकड सैल होते आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. या पेशी एकमेकींना कशाने धरतात, कधी सोडतात आणि पुन्हा कशा धरतात, या प्रश्नांमागे एलिसाबेत्ता देयाना या इटालियन शास्त्रज्ञ आयुष्यभर लागल्या. त्यांनी डेंग्यूवर काम केलं म्हणून त्यांचं नाव घेत नाहीये. त्यांचं काम माहीत असेल तर डेंग्यूचा रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचता येतो, म्हणून.

भिंत केवढी, तर एका पेशीएवढी

मोठ्या धमन्यांना स्नायूंचा जाड थर असतो. इथे बोलायचंय ते केशवाहिन्यांबद्दल आणि त्यांना लागून असलेल्या बारीक शिरांबद्दल. केशवाहिनीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, कित्येकदा त्याहूनही कमी. तांबडी पेशी तिच्यातून अंग चोरूनच जाते. तिच्या भिंतीत पेशींचा एकच थर असतो, आणि त्या पेशीही पसरट, चपट्या. त्यांना अंतःस्तर पेशी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. आणखी एक पुढे येईल, आणि त्या दोहोंवर बरंचसं भागेल.

पेशी चिकटतात म्हटलं की आपल्याला गोंद आठवतो. गोंद इथे कामाचा नाही, कारण तो सुकला की सुटत नाही. त्यापेक्षा दहीहंडीचा सगळ्यात खालचा थर आठवा. गोविंदा खांद्याला खांदा भिडवून उभे असतात, शेजाऱ्याच्या दंडाला घट्ट धरून. पण नुसत्या पंजाच्या जोरावर थर उभा राहत नाही. हाताला पाठीच्या स्नायूंचं बळ लागतं आणि पाय जमिनीत रोवलेले लागतात. हात, पाठ, पाय यांतलं एक ढिलं पडलं की थर हलतो. आणि वेळ आली तर गोविंदा क्षणात हात सोडतो, पुन्हा धरतो. अंतःस्तर पेशींचं हेच चालतं, दिवसरात्र.

यातल्या पायांबद्दल थोडक्यात. पेशी ज्या रेणूंनी खालच्या आधाराला धरून बसते त्यांना इंटेग्रिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आपली गोष्ट मात्र हातांची आहे.

बाल्टिमोरला पेशी चिकटेनात

१९७० च्या दशकात मासातोशी ताकेइची हे तरुण जपानी संशोधक क्योटोहून अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. क्योटोत ते एक साधा प्रयोग करायचे. ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं पाचकद्रव्य घालून पेशी सुट्या करायच्या आणि मग त्या पुन्हा एकत्र येतात का ते पाहायचं. क्योटोत पेशी लगेच गोळा व्हायच्या. बाल्टिमोरला तोच प्रयोग, त्याच पद्धतीने केला, तर पेशी एकमेकींकडे ढुंकूनही बघेनात.

असं झालं की बहुतेक जण हाताला दोष देतात आणि प्रयोग पुन्हा करतात. ताकेइचींनी बाटल्या तपासल्या. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम शोषून घेणारं एक रसायन मिसळलेलं होतं, क्योटोच्या ट्रिप्सिनमध्ये नव्हतं. म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर असं काहीतरी होतं, जे कॅल्शियम असताना ट्रिप्सिनला दाद देत नव्हतं आणि कॅल्शियम गेलं की कापलं जात होतं. तेच चिकटण्याचं साधन. पुढे त्याला कॅडहेरिन हे नाव मिळालं, आणि आपला दुसरा शब्द तो हाच.

कॅडहेरिन म्हणजे पेशीबाहेर आलेला हात. या हाताला एकाखाली एक असे पाच तुकडे असतात आणि त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसतं. कॅल्शियम असेल तर हात ताठ राहतो आणि समोरच्या पेशीच्या तशाच हाताला धरतो. नसेल तर तो लुळा पडतो. हाताचं दुसरं टोक पेशीच्या आत, तिच्या अंतर्गत दोऱ्यांना जोडलेलं असतं. पाठीचं बळ येतं ते तिथून.

मिलानमधली चमकणारी रेघ

कॅडहेरिनं पुष्कळ प्रकारची निघाली: त्वचेच्या पेशींचं वेगळं, चेतापेशींचं वेगळं. रक्तवाहिनीचं स्वतःचं असं काही आहे का, याचा छडा लावणाऱ्यांत मिलानच्या मारियो नेग्री संस्थेतला देयानांचा गट पुढे होता.

या प्रयोगांसाठी पेशी आणतात त्या नाळेतून. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेत एक जाडशी शीर असते. ती धुऊन आतला थर सोडवला की अंतःस्तर पेशी मिळतात. अशा पेशींविरुद्ध उंदरात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायची, एकेक वेगळं काढायचं आणि ते पेशीवर कुठे जाऊन बसतं ते पाहायचं. काम किचकट आणि वेळखाऊ. त्यातल्या एका प्रतिपिंडाने मात्र कमाल केली. जिथे दोन पेशी भिडतात त्या कडेवरच ते बसत होतं, सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीभोवती चमकणारी नागमोडी रेघ उमटावी तसं. १९९२ साली देयानांच्या गटाने हे प्रसिद्ध केलं. ते प्रतिपिंड ज्याला धरत होतं, त्या प्रथिनाला पुढे व्हीई-कॅडहेरिन म्हणू लागले. ते मुख्यतः अंतःस्तर पेशींवरच सापडतं.

त्याच शोधनिबंधातलं दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. रक्त गोठताना तयार होणारं थ्रॉम्बिन, किंवा दाह वाढवणारी रसायनं या पेशींवर घातली की कडेवरची रेघ तुटक, फिकट होत होती आणि त्याच वेळी पेशींच्या थरातून द्रव झिरपू लागत होता. रेघ विस्कटणं आणि गळती एकत्र होत होती. भिंतीचा घट्टपणा कमी-जास्त करण्याची जागा सापडली होती.

हे प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींचं झालं, शरीरात काय? १९९९ साली दोन उत्तरं आली. उंदरांना व्हीई-कॅडहेरिनची पकड सोडवणारं प्रतिपिंड टोचलं, तर हृदय आणि फुप्फुसांतल्या वाहिन्या पाझरू लागल्या. दुसऱ्या प्रयोगात बेल्जियमच्या संशोधकांबरोबर देयानांच्या गटाने या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते जन्मालाच आले नाहीत. गर्भ साडेनऊ दिवसांच्या आसपास मेले. त्यांच्यात वाहिन्या आकार घेऊ लागल्या होत्या, पण पेशी तग धरत नव्हत्या, मरत होत्या. म्हणजे हा हात धरण्यापुरता नाही. शेजारीण आहे, आता इथेच थांब, जगत राहा, हा निरोपही पेशीला त्यातूनच मिळतो.

मग शरीर ही पकड सोडतंच कशाला?

डास चावला की गाठ येते, अंगावर पित्त उठलं की गांधी येतात. ती सूज म्हणजे बारीक शिरांतून बाहेर आलेलं पाणी. कारण हिस्टामिन, शरीरच अशा वेळी सोडतं ते रसायन. १९६१ साली ग्विदो मायनो आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की हिस्टामिनमुळे शेजारशेजारच्या अंतःस्तर पेशींमध्ये फटी पडतात आणि गळती तिथून होते. कुठले हात सुटले, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

ही गळती उपयोगाची असते. जखम झाली, जंतू शिरले, तर प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून तिथे पोचायला हव्यात. नवी वाहिनी फुटायची तर जुन्या भिंतीतल्या पेशींनी जागा सोडायला हवी. हे काम करवून घेणारा एक रेणू १९८३ साली बॉस्टनमध्ये सापडला, तोही गळती घडवणारा रेणू म्हणूनच. नव्या वाहिन्या वाढवणारा रेणूही हाच, हे नंतर उलगडलं. व्हीईजीएफ हे त्याचं आजचं नाव. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर सूज आली की डोळ्यात इंजेक्शन देतात, ते बहुधा या व्हीईजीएफलाच आवरण्यासाठी.

व्हीईजीएफ पेशीपर्यंत पोचला की पेशी आपला कॅडहेरिनचा हात आत ओढून घेते. हात तुटत नाही, आत जातो, आणि निरोप संपला की पुन्हा बाहेर येऊ शकतो. डेंग्यू समजून घ्यायला हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

डेंग्यूत काय बिघडतं?

डेंग्यूच्या पहिल्या दिवसांत जी चाचणी करतात, तिचं नाव बऱ्याच जणांना पाठ असतं: एनएस-वन. हे विषाणूचं एक प्रथिन. लागण झालेल्या पेशी ते रक्तात सोडतात, म्हणून तर रक्ताच्या थेंबात ते सापडतं. बरीच वर्षं त्याच्याकडे निदानाची खूण म्हणूनच पाहिलं गेलं. २०१५ साली बर्कली आणि ब्रिस्बेन इथल्या दोन गटांनी दाखवलं की हे प्रथिन स्वतःच अंतःस्तर पेशींचा थर सैल करतं. बर्कलीच्या प्रयोगांत, विषाणू नसताना नुसतं एनएस-वन टोचूनही उंदरांच्या वाहिन्या पाझरल्या. अंतःस्तर पेशींवर रक्ताच्या बाजूने साखरेच्या रेणूंचं एक मऊ आवरण असतं. एनएस-वनमुळे ते झडतं. पेशींच्या कडेवरचं व्हीई-कॅडहेरिनही विस्कळीत होतं. भर म्हणून आपल्याच प्रतिकारयंत्रणेने सोडलेली दाहक रसायनं असतात. ताप उतरतो तेव्हा रक्तातला विषाणू ओसरत आलेला असतो, पण या सगळ्याचा परिणाम तेव्हाच शिगेला पोचतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान हे जपायचे २४ ते ४८ तास येतात.

फटीतून पाणी आणि प्रथिनं जातात. तांबड्या पेशी मोठ्या असल्यामुळे मागे राहतात. त्यामुळे रक्त दाट होतं. रिपोर्ट हातात घ्या. घरातले सगळे खालच्या प्लेटलेटच्या ओळीवर बोट ठेवतात. जरा वर, हिमोग्लोबिनच्या आसपास, पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट अशी ओळ असते. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते ती सांगते. एखाद्याचा हा आकडा एरवी ४० असतो आणि तो ४८ झाला, तर पाचव्या हिश्श्याने वाढ झाली. एवढी वाढ गळतीची ठळक खूण मानतात. बाहेर पडलेलं पाणी छातीत आणि पोटात साठतं. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसते, ती याच पाण्यामुळे. वाहिन्यांत द्रव फारच कमी उरला तर रक्तदाब कोसळतो. डेंग्यूतले बरेच मृत्यू या वाटेने होतात.

म्हणून ताप उतरल्यावर पोट सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हातपाय गार पडणं, खूप मरगळ किंवा अस्वस्थपणा, हिरड्या-नाकातून रक्त येणं, यांतलं काहीही दिसलं तर प्लेटलेटचा पुढचा रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबू नये.

प्लेटलेटना काहीच अर्थ नाही का?

आहे. प्लेटलेट झपाट्याने उतरणं आणि पीसीव्ही चढणं हे बरोबरीने झालं तर तो धोक्याचा इशारा असतो. रक्तस्राव सुरू असेल तर प्लेटलेट चढवाव्याही लागतात. हरकत आहे ती आकडा पाहून घाबरण्याला आणि रक्तस्राव नसताना, निव्वळ आकडा सुधारायला बाटल्या चढवण्याला. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी हे तपासलं. प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून खाली गेलेले ३७२ प्रौढ रुग्ण घेतले, निम्म्यांना खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाही. २०१७ साली निकाल आला. प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळल्याचं दिसलं नाही, उलट त्या गटात दुष्परिणाम जास्त होते. भिंतीतली फट प्लेटलेटची संख्या वाढवून भरत नाही.

पपईच्या पानांबद्दल विचाराल तर संख्या जरा लवकर वाढते असं काही छोटे अभ्यास सांगतात. गळती थांबते किंवा जीव वाचतो, याचा पुरावा नाही. रस पिऊन उलट्या वाढल्या तर तोटाच.

कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं हे वाचून हा प्रश्न मनात येणारच. रक्तातलं कॅल्शियम शरीर अगदी अरुंद मर्यादेत राखतं. ते कमी पडलं तर हाडांतून काढून घेतं. कॅडहेरिनचा हात ताठ ठेवायला पुरेसं कॅल्शियम रक्तात असतंच. डेंग्यूत हात आत ओढला जातो, तिथे गोळी काही करत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणाने दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

फटी कायमच्या बंद केल्या तर?

हा प्रयोग उंदरांत झालेला आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये डीटमार फेस्टवेबर यांच्या गटाने व्हीई-कॅडहेरिनचा हात पेशीच्या आतल्या दोऱ्यांना कायमचा जोडून टाकला, म्हणजे सोडायची सोयच ठेवली नाही. २०११ साली त्यांनी सांगितलं की हे उंदीर जगले, आणि हिस्टामिन-व्हीईजीएफला त्यांच्या वाहिन्या दाद देत नव्हत्या. पण दाह झालेल्या त्वचेत पोचणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी झाल्या.

पांढऱ्या पेशी बाहेरच पडू शकल्या नाहीत तर काय होतं, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. त्यात पांढऱ्या पेशींवरचं एक इंटेग्रिन सदोष असतं, त्यामुळे त्या वाहिनीच्या भिंतीला धरूनच राहू शकत नाहीत. अशा बाळाची नाळ गळून पडायला फार वेळ लागतो, जखमेत पू धरत नाही आणि संसर्ग मात्र पुन्हापुन्हा होतात. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट, सगळ्या आतच अडकलेल्या. भारतातल्या अशा मुलांचं निदान आणि अभ्यास मुंबईतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत झालेला आहे. सरसकट बंद केलेली भिंत कुणालाच परवडणारी नाही. औषध हवं ते गरजेपुरतं, गरजेच्या दिवसांपुरतं.

इतकं कळलंय, तर औषध कुठे आहे?

देयानांनी पुढे मिलानच्या आयएफओएम संस्थेत आणि स्वीडनमधल्या उप्सालात काम केलं आणि एका वेगळ्याच आजाराकडे वळल्या. मेंदूतल्या बारीक वाहिन्या काही माणसांत फुगून तुतीच्या फळासारखा घोस बनवतात. त्यातून कधी रक्त झिरपतं, कधी फिट येते. दर दोनशे माणसांत एकाच्या आसपास हा घोस असतो आणि कित्येकांना एमआरआय काढेपर्यंत पत्ताही नसतो. काही घराण्यांत तो तीनपैकी एका जनुकातल्या दोषाने येतो. २०१३ साली देयानांच्या गटाने दाखवलं की असा दोष आला की अंतःस्तर पेशी आपला मूळ स्वभाव सोडतात आणि त्यांच्यातली शिस्तशीर जोडणी मोडते. इटलीत या घराण्यांतल्या ८३ जणांवर प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध आजमावलं गेलं. २०२३ च्या निकालात ते सुरक्षित ठरलं, मेंदूतल्या घटनाही कमी दिसल्या. पण संख्या लहान असल्याने ठाम काही म्हणता आलं नाही.

गळती थांबवण्याची दुसरी एक खटपट कोविडमध्ये झाली. नेदरलँड्समध्ये रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध फुप्फुसांतल्या वाहिन्या घट्ट होतील या आशेने दिलं. २०२१ च्या निकालात मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. बशीत आणि उंदरात जमलेलं माणसात जमेलच असं नाही, हे या क्षेत्राला चांगलंच ठाऊक आहे.

डेंग्यूच्या गळतीवर आजही असं औषध उपलब्ध नाही. मोजूनमापून सलाईन हाच उपचार, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो. जास्त झालं तर तेच पाणी फटींतून छातीत जातं. म्हणून दर काही तासांनी पीसीव्ही, नाडी, रक्तदाब, लघवीचं प्रमाण तपासत सलाईनचा वेग कमी-जास्त करतात. घरच्यांना वाटतं बाटली जोरात सोडली तर माणूस लवकर बरा होईल. नर्स ती हळू का ठेवते, याचं कारण हे.

या आजारात वाहिन्यांची कायमची नासधूस सहसा होत नाही. निरोप ओसरला की पेशी दोनेक दिवसांत पुन्हा एकमेकींना धरतात आणि बाहेर गेलेलं पाणी वाहिन्यांत परतू लागतं. तेव्हाही सलाईन चालू राहिलं तर फुप्फुसांत पाणी भरून दम लागतो. पीसीव्ही खाली आला, लघवी भरपूर होऊ लागली आणि रुग्ण जेवायला मागू लागला, की सलाईन काढून टाकतात.